चिबडात खोदलेला चर

नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागले. दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. जिल्हाभरातून पाण्याचे नमुने यायचे, कधी नीट धुतलेल्या बाटल्यांतून, कधी गोड्या तेलाचा वास मारणाऱ्या डब्यांतून. माझे वडील तहसिलीत कारकून होते. लेक सरकारी प्रयोगशाळेत रसायनं हाताळते, हे ते ओळखीच्या प्रत्येकाला सांगायचे. मलाही त्याचा फार अभिमान होता. माझं काम चोख असावं, माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवू नये, एवढंच मनात असायचं.

नायट्रेटची चाचणी मला सगळ्यांत आवडायची. चिनी मातीच्या वाटीत पाणी घ्यायचं, वाफेवर आटवून कोरडं करायचं, त्यावर आम्ल टाकायचं, मग अमोनिया. पाण्यात नायट्रेट असलं की वाटी पिवळी व्हायची. जितकं जास्त, तितकी गडद. संत्र्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी हळदीसारखं पिवळं यायचं. बागांना युरियाची पोती पडायची, गोठे आणि उकिरडे विहिरीला लागूनच, आणि ते सगळं झिरपत पाण्यात उतरायचं. चवीला मात्र ते पाणी गोड. लोक आवडीनं प्यायचे.

आमचे साहेब निवृत्तीला आले होते. शांत, काटेकोर माणूस. मला हे काम त्यांनीच हात धरून शिकवलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला नमुने घ्यायला एका गावी पाठवलं. कारंज्याहून आष्टीच्या बाजूला जाणाऱ्या एस.टी.नं फाट्यावर उतरायचं आणि अर्धा तास पायी चालायचं. गाव उतारावर होतं. वर संत्र्याच्या बागा आणि मोठी वस्ती. त्याखाली चार-पाच एकरांचं चिबड, म्हणजे बारमाही ओली राहणारी काळी दलदलीची जमीन. तीत पाणकणीस आणि लव्हाळा माजलेला, आणि उन्हं चढली की सडक्या अंड्यासारखा वास. चिबडाच्याही खाली छोटी वस्ती आणि तिची एकच विहीर. तिला सगळे खारी विहीरच म्हणायचे. अकोल्याकडे खारं पाणी गावोगाव आहे, पण आमच्या जिल्ह्यात असा एखादाच तुकडा. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. खालच्या वस्तीतल्या बायका पिण्याचं पाणी वरच्या विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नशिबी मात्र खारंच पाणी.

मी खाऱ्या विहिरीवर बाटली भरत होते, तेव्हा एक बाई लव्हाळ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली. पन्नाशीची असेल. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर तिनं घर चालवलं होतं, मुलीचं लग्न केलं होतं. मी पुढे तिला मावशी म्हणू लागले.

"काय पाह्यता बाई, आमच्या पान्यात?" तिनं भारा खाली टाकला.

"पिण्यासारखं आहे का, ते."

"खारं आहे, पन वाईट नाई. वरचं गोडं आहे, पन वाईट आहे."

मी हसले. वरचं वाईट कशावरून, असं विचारलं.

"वरच्या नालीचं पानी वासरू प्यालं का डोये फिरवते. माये दोन वासरं गेले तसे. थेच पानी चिबडातून पाझरून खाली येते, थे पेऊन काई होत नाई. चिबड खाते वरचं सारं वाईट. तुमी पायजो."

मी मान डोलावली आणि बाटलीचं झाकण लावलं. शिकलेल्या माणसाची अशी एक मान डोलावण्याची पद्धत असते. तिच्यात ऐकणं नसतं.

प्रयोगशाळेत वरच्या विहिरीची वाटी गडद पिवळी आली. खाऱ्या विहिरीची पांढरीच राहिली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केली. पुन्हा पांढरी. मी साहेबांकडे गेले.

"खारट पाण्यात ही चाचणी फसते," ते म्हणाले. "मीठ पिवळा रंग मारतं. आधी चांदीचा क्षार टाकून मीठ काढावं लागतं. आपल्याकडे तो संपलाय, मागवलाय. तोवर आकडा लिहू नकोस."

पुस्तकातही तसंच होतं. मी रजिस्टरात लिहिलं, 'क्षारामुळे चाचणी अविश्वसनीय'. मावशीचं बोलणं मला आठवलंसुद्धा नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस खालच्या वस्तीनं अर्ज केला. चिबडातून चर खोदून पाणी नाल्याला काढून द्या, म्हणजे जमीन सुकेल, दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन जाईल आणि विहीर गोडी होईल. मागणी चुकीची नव्हती. त्या बायकांच्या मानेवर हंडे होते, माझ्या नव्हते. काम मंजूर व्हायच्या आधी आमच्याकडे एक ओळ मागितली गेली. साहेबांनी सांगितली, मी लिहिली, 'चिबडातील पाणी खारट व पिण्यास अयोग्य. निचरा करण्यास हरकत नाही.' त्यांची सही, शेजारी नमुना तपासणाऱ्याची म्हणून माझी.

संक्रांतीच्या सुमारास मावशी वर्ध्याला आली. दोन एस.टी. बदलून, विचारत विचारत, थेट प्रयोगशाळेत. पिशवीत अंबाडीची जुडी आणि दोन बाटल्या होत्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीला पांढरा.

"लाल वरच्या नालीची, पांढरी खाऱ्या विहिरीची," ती म्हणाली. "इंजिनेर आलता. उन्हायात चर खोदून राह्यले म्हने. मी सांगतलं, खोदू नोका. तं लोक मलेच हासतात. म्हने, हिले म्हशीच्या चाऱ्याची फिकर. तुमी पाहा बाई अन् चिठ्ठी लिहून द्या. तुमचं ऐकतीन."

"पाहते मावशी. कळवते."

"नक्की कयवजो."

ती चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीसाठी निघून गेली.

चांदीच्या क्षाराची बाटली त्याच आठवड्यात आली होती. मी मावशीचे नमुने घेतले. खालच्या पाण्यात तो क्षार टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका बसला, तो गाळून टाकला. मीठ गेलं. मग चाचणी केली. लाल दोऱ्याची वाटी पिवळीजर्द. पांढऱ्या दोऱ्याची, मीठ काढूनही, कोरी. अजून खात्री पटेना म्हणून त्याच खाऱ्या पाण्यात मी मोजून नायट्रेट टाकलं आणि पुन्हा तपासलं. जेवढं टाकलं होतं, तेवढाच पिवळा रंग आला. म्हणजे चाचणी फसत नव्हती. खाऱ्या विहिरीत नायट्रेट खरोखरच नव्हतं. वरून येणारं सगळं वाटेत कुठेतरी नाहीसं होत होतं, आणि वाटेत होतं फक्त चिबड.

मी दोन्ही वाट्या साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. मग चष्मा पुसत म्हणाले, "आपलं चुकलं. तू एक पत्र लिही, काम थांबवा म्हणून. मी सही करतो."

इथं मला नीट सांगायला हवं, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःलाही हे नीट सांगितलं नाही. मला कोणी अडवलं नाही. साहेब सही करायला तयार होते. पत्र मी लिहायचं होतं, आणि ते मी लिहिलं नाही.

एक कच्चा मसुदा केला. 'चिबडामुळे नायट्रेट कमी होत असल्याचे दिसते', इथवर आले आणि थांबले. कसं कमी होतं, कोणी विचारलं तर काय सांगू? मला माहीत नव्हतं. म्हशीवाल्या बाईनं सांगितलं, असं लिहू? दोनच महिन्यांपूर्वी 'हरकत नाही' लिहून त्याखाली सही केली होती. आता तिच्याविरुद्ध दुसरी सही करायची होती. घाण मारणारा चिखल पाणी शुद्ध करतो, हे वाचून इंजिनिअर हसेल, असंही वाटलं. माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवू नये, हा माझा अभिमान तिथं आडवा आला. फाल्गुनात माझं लग्न होतं. रजेवर जायच्या आधी लिहू म्हटलं, आल्यावर लिहू म्हटलं. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा सांगायच्या आत ते निवृत्त झाले.

चर उन्हाळ्यात खोदला गेला. काळा चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत.

दोन पावसाळ्यांनी मी पुन्हा त्या गावी गेले. चिबड सुकलं होतं, त्यात सोयाबीन उभं होतं. विहिरीवर बायकांची गर्दी. चराच्या कागदावर माझी सही होती, हे त्यांना ठाऊक होतं; मला पाहून त्यांनी हातातले दोर सोडले. एकीनं कुंकू लावलं, एकीनं ओटीत नारळ घातला. "बाई, डाय शिजते आता!" एक म्हातारी सांगत होती, आणि सांगताना तिचे डोळे भरले होते. मी पाणी चाखलं. गोडं होतं. मावशी गर्दीत नव्हती. तिच्या घराला कुलूप होतं. म्हशी विकून ती मुलीकडे सिंदीला गेली आहे, काही दिवसांनी येईल, असं शेजारणीनं सांगितलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

त्या विहिरीची वाटी पिवळी आली. वरच्यापेक्षा थोडी फिकी, पण पिवळी. आता मी अहवाल तत्परतेनं पाठवला. 'नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक. लहान बालकांस देऊ नये.' तो ग्रामपंचायतीच्या टपालात गेला, आणि तिथल्या कपाटात राहिला असावा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या, जिभेला गोड लागणाऱ्या पाण्याबद्दल एक छापील कागद काय सांगणार होता?

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी दवाखान्यातून माणूस आला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी एक बाटली पाठवली होती आणि सोबत चिठ्ठी. दीड महिन्याची मुलगी, ओठ आणि नखं निळसर, हृदयात दोष सापडत नाही, रक्त काढलं तर चॉकलेटी. घरच्या पाण्यातलं नायट्रेट तातडीनं कळवा. चिठ्ठीच्या तळाशी गावाचं नाव होतं. ते वाचलं आणि मी लगेच वाटी आटवायला ठेवली.

एवढा गडद रंग मी त्या गावच्या पाण्याचा आधी पाहिला नव्हता. आकडा कागदावर लिहून मी स्वतः रिक्षानं दवाखान्यात गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशी बसली होती.

"तुमी?" ती उठून उभी राहिली. "माई नात हाय आतमधी. लेक बायंतपनाले आलती. तिले ताप, दूध आटलं. डब्याचं दूध पाजून राह्यलो. तुमची चिठ्ठी नाई आली, तं मले वाटलं पानी चांगलंच असन. नर्सबाईनं सांगतलं पानी उकयून घ्या, तं मी लई उकयलं. अर्धं होये परेंत उकयत होती. काई कमी नाई केलं बाई मी."

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते उरतं, आणखी दाट होऊन. म्हणून तर माझी वाटी तेवढी गडद आली होती. मावशीनं जितक्या काळजीनं पाणी आटवलं होतं, तितकं ते त्या पोरीला जड गेलं होतं. मी तिला त्या वेळी फक्त एवढंच म्हटलं, "मावशी, विहिरीचं पाणी आता देऊ नका," आणि आत गेले.

डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि औषध काढायला सांगितलं. ते औषधही निळं असतं. शिरेतून थोडं थोडं देतात. तासाभरात मुलीच्या ओठांचा रंग बदलू लागला. आधी राखेसारखा, मग फिका गुलाबी. ती जोरात रडली आणि बाहेर तिची आजीही रडू लागली.

मी बाहेर आले तेव्हा मावशीनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "बाई, तुमीच वाचवलं माया नातीले. तुमी नसत्या तं काय झालं असतं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तिनं आणलेल्या दोन बाटल्या मी तपासल्या होत्या, ती म्हणत होती ते अगदी खरं निघालं होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं, हे सांगायला तीन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "डॉक्टरांनी वाचवलं, मावशी." तो विनय तिला आणखी आवडला. तिनं वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांना बोलावून मला दाखवलं.

त्यानंतर काही वर्षं गेली. मुलं झाली, बढती मिळाली. दोन हजार सालानंतर कधीतरी आम्हांला नागपूरला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं भूजलाचे एक जाणकार खाऱ्या पाण्याबद्दल बोलत होते. फळ्यावर त्यांनी एक उतार काढला, वर शेत, मध्ये ओली काळी जमीन, खाली विहीर. खडूची ती रेघ मी ओळखली. ते सांगत होते की अशा खारट, चिकण चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. सडलेला पाला आणि चिखलातला तो अंड्याच्या वासाचा गंधक हा त्यांचा आहार. उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन हवेत निघून जातो. कोणी यंत्र बसवलेलं नसताना पाणी साफ होतं. फक्त त्या जमिनीला ओलं राहू द्यावं लागतं.

"आणि चर खोदून ती सुकवली तर?" मी विचारलं.

"हवा शिरते. ते काम बंद पडतं. आणि चर मुरमापर्यंत गेला, तर वरचं पाणी चिखलाला न शिवताच खाली जातं."

"पुन्हा ओली केली तर?"

"होईल सुरू हळूहळू. वर्षं लागतील. पण पिकाखाली आलेली जमीन पुन्हा चिबड होऊ द्यायला कोण तयार होतं?"

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या वहीचं ते पान कोरं आहे.

पुढच्याच रविवारी मी गावी गेले. मावशी अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण नजर तशीच. नात शाळेत जाऊ लागली होती; त्या दिवशी ती आईसोबत आष्टीच्या बाजाराला गेली होती. गावात आता नदीवरच्या योजनेचं पाणी एक दिवसाआड नळाला येत होतं. खाऱ्या विहिरीवर फक्त जनावरं आणि धुणी.

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. लाल दोरा, पांढरा दोरा. साहेबांचं 'पत्र लिही'. अर्धा मसुदा. लग्न. चिखलातले जीव काय करत होते, तेही तिला समजेल असं सांगितलं. ते तिला समजावून सांगताना मला लाज वाटली, कारण हे सगळं आधी तिनंच मला सांगितलं होतं.

सूप थांबलं होतं.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "चर खोदाच्या आधी."

"हो."

"मंग दवाखान्यात काऊन नाई सांगतलं?"

"भ्याले मावशी. तुम्ही इतकं चांगलं बोलत होतात."

तिनं तुरीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "मी साऱ्या गावाले सांगत राह्यली का बाईनं वाचवलं. पोट्टीले बी थेच सांगतलं. थे देवापुढं तुमच्या नावानं हात जोडते. आता तिले काय सांगू?"

मी म्हटलं, "जे खरं आहे ते सांगा."

"खरं सांगाले मले काई नाई वाटत," ती म्हणाली. "पन त्या वक्ताले लोक मले हासत होते. तवा तुमी एक चिठ्ठी देल्ली असती, तं कोनी हासलं नसतं." आणि तिनं पुन्हा सूप हलवायला सुरुवात केली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चहा केला, मी घेतला. निघताना ती दारापर्यंत आली नाही.

पत्र मी त्या आठवड्यात लिहिलं. चराचं तोंड बांधावं, चिबड पुन्हा ओलं होऊ द्यावं, म्हणजे विहिरीतलं नायट्रेट कमी होईल. ग्रामपंचायतीनं मला बोलावलं, आदरानं खुर्ची दिली. चिबडात ज्यांचं सोयाबीन होतं ते चौघे आले होते. त्यांतला एक, माझ्याच वयाचा, उभा राहून बोलला.

"मॅडम, तवाच सांगतलं असतं तं आमी चर खोदलाच नसता. तवा तिथं काईच पिकत नव्हतं, कोनाचं काई जात नव्हतं. आता आमचं घर चालते त्याच्यावर. अन् पानी तं नळाचं हाय."

त्याचं बरोबर होतं. ठराव झाला नाही. विहिरीवर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी तेवढी लागली. नळाला पाणी नसलं की बायका ती पाटी पाहतात आणि तरीही हंडा भरतात, हे मला पुढे तिथल्या नर्सनं सांगितलं.

मी त्या गावी पुन्हा गेले नाही. जावंसं वाटलं, पण मावशीसमोर बसून काय बोलायचं, ते सुचलं नाही. काही वर्षांनी ती गेल्याचं कानावर आलं. तिची नात आता कॉलेजच्या वयाची झाली असेल. तिला शेवटी कोणी काय सांगितलं, मला माहीत नाही.